शाबूत आलं पाहिजे

आमच्या मूर्तींच्या कारखान्याचं दार ढकललं आणि मी उंबरठ्यातच थांबले. खुंटीला टांगलेलं माझं रॉकेट लाल झालं होतं. साधंसुधं लाल नव्हे, गणपतीच्या शेल्याला देतात तसं गर्द, चकचकीत लाल. चारी पंखांवर सोनेरी वेलबुट्टी, तीही हाताला लागेल अशी उठावाची. सकाळी मी घरातून निघाले तेव्हा ते पांढरं होतं आणि उद्या आम्हाला ते उडवायचं होतं.

नाना, म्हणजे माझे वडील, पाठमोरे बसून ब्रश धूत होते. न वळताच त्यांनी विचारलं, "कसं दिसतंय?"

"नाना, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? समेळांच्या कारखान्यातून आजवर कच्चं काही बाहेर गेलेलं नाही. चार लोकांत नेणार तू ते, आणि अंगावर डिंकाचे डाग?"

माझ्यामागे अल्पना उभी होती, अल्पना गावंड, माझी वर्गमैत्रीण आणि या उपद्व्यापातली अर्धी भागीदार. तिने हळूच माझा दंड धरला. धरला नसता तर मी काय बोलले असते कोण जाणे. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

आता हे रॉकेट प्रकरण काय होतं ते सांगते. आम्ही पेणचे. पेण म्हणजे गणपती, आणि आमच्या घरात तर बारा महिने तेच. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या तंत्रनिकेतनात त्या वर्षी कधी नव्हे ती मॉडेल रॉकेटची स्पर्धा ठेवली होती. रॉकेट आपण बनवायचं, आतली दारूची सीलबंद मोटर मात्र कॉलेज देणार. वर सरळ गेलं पाहिजे, वरच छत्री उघडली पाहिजे आणि खाली धड आलं पाहिजे. मी आणि अल्पना हौसेने पेटलोच. जाड कागद पाइपावर गुंडाळून नळी केली, पातळ प्लायचे पंख कापले. टोक केलं ते प्लास्टरच्या साच्यात कागदाचा लगदा थापून, आमच्याकडे मुकुट काढतात त्याच पद्धतीने. ओल्या मूर्तीवर झाकायचं पातळ प्लास्टिक असतं, त्याची छत्री शिवली.

चाचणीला कॉलेजने एक मोटर दिली होती. पहिलं रॉकेट वाकडं गेलं, छत्री नळीतच चिकटून बसली आणि ते नाकावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. मी वेडी, ते तुकडे घरी घेऊन आले. नेमका त्याच रात्री जेवताना पुण्याचा विषय निघाला.

विषय असा, की मला डिप्लोमानंतर पुण्याला डिग्रीला जायचं होतं. नानांना मी कारखान्यात हवी होते. आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायला, नानांनंतर चांगला हात माझाच होता, आणि हे मी फुशारकीने सांगत नाही, पेणमध्ये कोणालाही विचारा. पण मला डोळे रेखायचा कंटाळा आला होता, त्या रात्री मी तसं तोंडावर बोलून दाखवलं, आणि नानांचं डोकं फिरलं. कोपऱ्यातल्या तुकड्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मूर्ती पाटावरून पडली तरी भंगते. हे आभाळातून पडणार आणि तू ते हातात धरून घरी येणार? ठीक आहे. तुझं हे भुंगळं वर जाऊन शाबूत खाली आलं, तर मी स्वतः तुला पुण्याला पाठवतो. भंगलं तर गुपचूप आखणीच्या पाटावर बसायचं."

आई म्हणाली, अहो, जेवताना कसल्या पैजा लावता. पण मी "चालेल" म्हणून बसले होते. आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. भंगलेली मूर्ती नाना कधी जोडून विकत नसत, कितीही बारीक चीर असो. भंगलं म्हणजे भंगलं. त्यामुळे शाबूत या शब्दाचा त्यांच्या लेखी अर्थ काय होता ते मला पुरेपूर ठाऊक होतं.

तर आता ते रंगवलेलं, नव्याने केलेलं रॉकेट. मी सुतळीचा फास करून त्यात ते आडवं टांगलं. आदल्या दिवशी जिथे ते तराजूच्या दांडीसारखं समतोल राहत होतं, त्याच ठिकाणी आता शेपटी धाडकन खाली गेली. अल्पना म्हणाली, "मेलो."

रॉकेटचं गणित अवघड नसतं. वजन पुढे हवं आणि वारा अडवणारे पंख मागे. मागची बाजू जड झाली की ते वर जाता जाता कोलांट्या खातं. नानांनी सगळा जीव ओतला होता तो पंखांवर. रंगाचे हात, वर लेई, वर सोनेरी. देखणं काम होतं, त्यात वाद नाही, पण आमचं वाटोळं करणारं होतं.

"खरवडून काढते," मी म्हटलं.

"खरवड," नाना म्हणाले. "कागदही निघेल त्याच्याबरोबर." तेही खरंच होतं.

मग मी त्यांना म्हटलं की या बाहेर, तुम्ही काय करून ठेवलंय ते दाखवते. अंगणात कच्च्या मूर्ती वाळत घातल्या होत्या, म्हणून आम्ही सगळे रस्त्यावर गेलो. रॉकेटला जिथे तोल साधतो तिथे लांब सुतळी बांधली आणि मी ते डोक्याभोवती गरागरा फिरवायला लागले. नीट असेल तर ते नाक पुढे करून फिरतं. आमचं फिरत होतं ते कधी आडवं, कधी शेपूट पुढे. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. अल्पना त्यांना हाताने मागे सारत होती. नाना दारात उभे राहून बघत होते. तीनचार फेऱ्यांत त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"असं उडवलं तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"भंगेल."

नाना आत गेले आणि शाडूचा एक गोळा घेऊन आले. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पुढे वजन हवंय ना?"

मी बघतच राहिले. सांगायला नको, तो गोळा मीच मागणार होते. ओली माती वाळली की आखडते आणि सुटते, म्हणून मी ती लगद्यात आणि डिंकात मळली आणि टोकाच्या पोकळीत बोटाने दाबून बसवली. परत रस्त्यावर. परत फिरवलं. अजून आडवंच. आणखी थोडी. परत रस्त्यावर. वजन वाढलं की उंची कमी होणार हे दिसत होतं, अल्पना प्रत्येक वेळी कुरकुरत होती, पण आता उंचीचं कोणाला पडलं होतं? एव्हाना गल्लीतली निम्मी माणसं जमली होती आणि प्रत्येक जण सल्ला देत होता. आणि मग एका फेरीत काय झालं, सुतळी ताणली गेली, रॉकेटने एक हिसका दिला आणि नाक पुढे करून ते असं सरळ सुटलं की माझ्या हाताला त्याची ओढ जाणवली. मी फिरवत राहिले. थांबावंसंच वाटेना. लाल रंग, सोनेरी पंख, सूं सूं आवाज. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. अल्पना तर नाचायचीच बाकी होती.

थांबले तेव्हा नाना अजून दारातच होते. त्यांनी विचारलं, "आणि छत्री उघडली नाही तर?"

"तर पाटावर बसेन."

"हं," म्हणून ते आत वळले. त्यांना ते भंगायला हवं होतं की नको, मला कळेना. बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना धुतलेला सदरा आणि टोपी घालून तयार. गणपतीच्या कामाच्या दिवसांत हा माणूस कोणाच्या लग्नालाही जात नसे. आईने विचारलं तर म्हणाले, पैज लावलीय तर डोळ्यांनी बघायला नको? अल्पनाच्या मामांचा टेम्पो होता. नानांनी रॉकेट मागे ठेवू दिलं नाही. रस्ताभर मांडीवर आडवं धरून बसले आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी वर उचलत होते. मामा हसून म्हणाले, समेळ, मूर्ती नाही ती. नानांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कॉलेजमागे भाताची शेतं होती, कापून झालेली, उन्हाने भेगाळलेली. तिथेच मांडामांड केली होती. आम्ही टेम्पोतून उतरलो आणि सगळं मैदान आमच्याकडे बघायला लागलं. बाकीच्यांची रॉकेटं पांढरी, खाकी, एखाद्यावर निळी पट्टी. आमचं म्हणजे नवरदेव. मुलं जवळ येऊन विचारत होती, रंग कोणी दिला? मी तोंड वाकडं करून नानांकडे बोट दाखवत होते, आणि खरं सांगू, आतून मला अभिमानाने भरून येत होतं. काय काम होतं ते! उन्हात त्या वेलबुट्टीचं पान न् पान उठून दिसत होतं.

परीक्षक इनामदार सर होते. त्यांनी सगळ्यांना गोळा करून नियम वाचले. त्यातला एक असा होता, की रॉकेट जमिनीला टेकल्यावर परीक्षक येऊन बघेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, लावला तर संघ बाद. नाना तेव्हा बांधावरच्या झाडाखाली मामांबरोबर चहा घेत होते. तुम्ही म्हणाल, त्यांना जाऊन का नाही सांगितलं? अहो, सुचणार कसं? मी मनातल्या मनात छत्रीची घडी परत परत घालत होते.

आमच्याआधी उडालेल्यांपैकी एक वरच फुटलं. एकाची छत्री उघडली पण दोरा तुटला, छत्री गेली गावाकडे आणि रॉकेट सुसाट खाली. ते आपटल्याचा आवाज इथवर आला. मी नानांकडे पाहिलं. ते उभे राहिले होते.

आमचा नंबर आला. मोटर बसवली, छत्रीला पावडर लावून हलकेच घडी केली, नळीत सरकवली, टोक बसवलं. लोखंडी सळईवर रॉकेट चढवलं. वायर जोडून आम्ही मागे आलो. बटण कोणी दाबायचं यावर आमचं आधी भांडण झालं होतं, पण आता अल्पनाने बटण माझ्या हातात कोंबलं आणि स्वतः डोळे झाकून घेतले. सरांनी उलटे आकडे म्हटले. मी दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग फस्स करून धूर निघाला आणि सळई मोकळी दिसली. रॉकेट कुठे? मान वर करेपर्यंत ते वरच होतं. सरळ! बाण जातो तसं सरळ. जराही हललं नाही, वळलं नाही, निळ्या आभाळात एक लाल रेघ चढत होती आणि माझ्या तोंडून काय आवाज निघत होता मला माहीत नाही, पण घसा दुसऱ्या दिवशीही बसलेला होता. लाल रेघेचा ठिपका झाला. ठिपका थबकला. मग वर फट् असा बारीक आवाज आला आणि ठिपक्याच्या वर पांढरं काहीतरी फुललं.

"उघडली!" अल्पना किंचाळली. तिने डोळे केव्हा उघडले देव जाणे. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो, उड्या मारल्या, परत वर पाहिलं. छत्रीखाली आमचं लाल रॉकेट झोके घेत, सावकाश, अगदी निवांत खाली येत होतं. पुणे, पुणे, पुणे, माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं. वाऱ्याने ते जरा झाडाच्या बाजूला सरकलं.

आणि झाडाखालून नाना पळत सुटले.

मी माझ्या वडलांना त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. टोपी पडली, एक चप्पल बांधावरच राहिली, ढेकळांतून, भेगांतून, वर बघत, दोन्ही हात पुढे करून ते पळत होते. सर ओरडले, "काका, हात लावू नका." मुलं ओरडली. मी ओरडले, "नाना, थांबा." त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांची नजर फक्त वर. रॉकेट माणसाच्या उंचीवर आलं, नानांनी झेप घेतली, हात वर केला आणि ते पकडलं. त्याच वेळी त्यांचा पाय भेगेत गेला. ते गुडघ्यांवर कोसळले, पण हात वरच. रॉकेट जमिनीला लागू दिलं नाही. फक्त मुठीत सापडला होता तो एक पंख, तो मुळापासून मोडून त्या मुठीतच राहिला, आणि रॉकेट त्यांनी दुसऱ्या हातावर झेललं.

आम्ही धावत पोचलो तेव्हा नाना तसेच गुडघ्यांवर होते. एका हातात रॉकेट, एका हातात सोनेरी पंख. गुडघ्यातून रक्त येत होतं. चेहऱ्यावर असा आनंद होता की काय सांगू. "वाचवलं," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष मुठीकडे गेलं.

इनामदार सर आले. भला माणूस होता, त्यांनाही वाईट वाटत होतं. पण नियम तो नियम, वहीत त्यांनी आमच्या नावापुढे काट मारली. अल्पना बांधावर जाऊन डोकं धरून बसली.

माझा तोल सुटला. सगळ्यांसमोर, वडील आहेत, पडलेत, काही बघितलं नाही. मी म्हटलं, "नाना, ते पडत नव्हतं. उतरत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या लहान मुलासारखे गोंधळले होते. हळू आवाजात म्हणाले, "मला ते पडताना दिसलं गं."

टेम्पोत परत येताना मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. चूक त्यांची होती, पण पैजेत चुकीचा विषयच नव्हता. शाबूत की भंगलेलं, एवढंच होतं. आणि ते भंगलं होतं. घरी आईने दारातच विचारलं, काय झालं? नाना म्हणाले, भंगलं. आणि पाय धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी कारखान्यात गेले. कोणी बोलवायची वाट पाहिली नाही, मीही समेळांचीच. पाटावर बसले, समोर एक मूर्ती ओढली, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. रडून डोळे सुजले होते. असल्या डोळ्यांनी आखणी करतात का? पण बसले होते हट्टाने.

नाना आले. माझ्या शेजारी उकिडवे बसले, गुडघा दुखत होता तरी. माझ्या हातातला ब्रश त्यांनी काढून घेतला.

"ऊठ," ते म्हणाले.

"पैज हरले मी."

"तू कुठे हरलीस? तुझं चांगलं उतरत होतं. मधे मी आलो." ब्रशचं टोक ते पाण्यात खळबळत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं हेच केलं गं. पोरं मूर्ती उचलतात, माझं लक्ष त्यांच्या हातांकडे. काही निसटलं की धरायचं. काल वरून काहीतरी येताना दिसलं आणि मी कसा पळालो, माझं मलाच कळलं नाही. पुण्याचा फॉर्म कधी भरायचा असतो?"

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देत राहिले, आणि ते म्हणत होते, मूर्तीवर पाणी पडेल, बाजूला हो.

पुण्याला निघाले त्या दिवशी पेणच्या स्टँडवर आई, अल्पना आणि नाना आले होते. माझी पत्र्याची ट्रंक होती, पुस्तकांनी भरलेली, शिशासारखी जड. बस लागली, झुंबड उडाली. मी ट्रंक पायरीवर चढवली तर ती घसरली, परत ओढली तर कडी हातातून सुटली. माझी फजिती सगळा स्टँड बघत होता. नाना चार पावलांवर उभे होते, हात पाठीमागे घेऊन, एक इंच हलले नाहीत. आई पुढे व्हायला लागली तर तिलाही त्यांनी नजरेने थांबवलं.

कंडक्टर वैतागून म्हणाला, "अहो काका, पोरीला जरा हात लावा की."

"तिचं तिला जमतं," नाना म्हणाले.

मला रागही आला आणि हसूही. दात-ओठ खाऊन मी ती ट्रंक गुडघ्याने रेटली, आत ढकलली आणि घामाघूम होऊन खिडकीशी बसले. बस सुटली. मी हात हलवला, आईने हलवला, अल्पनाने हलवला. नाना नुसते बघत होते, आणि मला वाटलं, हा माणूस निदान निरोपाला तरी हात वर करील की नाही.

बस स्टँडला वळसा घालून त्यांच्या पाठीमागून गेली तेव्हा मला ते दिसलं. नानांनी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट आवळून धरलं होतं, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली होती. बस फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.